नव्या मॉनिटरवर वर्तुळ लंबगोल दिसते: लिनक्स मिंटवर रिझोल्यूशन कसे दुरुस्त करावे?

ताणाबाणा | ६ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून जवळच, चादरी आणि टॉवेलांसाठी जकार्डची नक्षी काढून देण्याचे माझे छोटे कार्यालय आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि माझा तिसऱ्या पिढीचा इंटेल आय३ संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, म्हणून दिवाळीत पुतण्याने त्यावर लिनक्स मिंट २२ बसवून दिले. नक्षी मी जिम्प या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये काढतो आणि ते लिनक्सवरही तसेच चालते, त्यामुळे काम अडले नाही. दिवाळीच्याच मुहूर्तावर साडेएकवीस इंची नवा मॉनिटर घेतला. त्याच्या खोक्यावर १९२०×१०८० असे रिझोल्यूशन, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, छापलेले आहे.

अडचण अशी आहे की, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये १०२४×७६८ च्या वरचा पर्यायच दिसत नाही, आणि जे चित्र येते ते आडवे ताणून पूर्ण पडदा व्यापते. जिम्पमध्ये एक वर्तुळ काढून पडद्यावर पट्टी धरली, तर उंची १२ सेंटिमीटर आणि रुंदी १६ सेंटिमीटर भरली. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. त्याआधी चादरीच्या मधल्या चौकातील कमळ पडद्यावर पसरट दिसते म्हणून मी ते आक्रसून घेतले, डोळ्यांना बरे वाटेपर्यंत घेतले, आणि मागावर नमुना उतरला तेव्हा कमळाऐवजी उभट कळी समोर आली. असे दोन नमुने वाया गेले. सूत आणि मजुरी मी भरून दिली, पण गिऱ्हाइकाचे दोन आठवडे गेले त्याचे काय?

विंडोजवर असे कधीच झाले नव्हते. हा लिनक्सचाच दोष आहे का आणि मी परत जावे का, हे जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

होटगी_रस्ता | ६ जानेवारी, रात्री १०:०५

परत जाण्याची घाई करू नका. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे का, मॉनिटर कोणत्या केबलने जोडला आहे, आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश लिहायच्या खिडकीत, पडद्याची माहिती दाखवणारा 'एक्सरँडर' एवढाच आदेश दिल्यावर काय उमटते, या तीन गोष्टी कळवा. (येथे आदेश आपल्या लिपीत लिहिले जातात, टंकताना अर्थातच इंग्रजी अक्षरे वापरावीत.)

नवशिका_अभियंता | ६ जानेवारी, रात्री १०:३२

काका, मला ही अडचण वसतिगृहातील संगणकावर आली होती आणि तीन आदेशांत सुटली. प्रथम 'सीव्हीटी १९२० १०८०' द्या. त्यावर 'मोडलाइन' या शब्दाने सुरू होणारी एक ओळ मिळेल. तीत १७३.०० हा आकडा आणि त्यापुढे १९२०, २०४८, २२४८, २५७६ आणि १०८०, १०८३, १०८८, ११२० असे आकडे असतील. 'मोडलाइन' हा शब्द सोडून उरलेली सगळी ओळ 'एक्सरँडर --न्यूमोड' याच्यापुढे चिकटवा. मग '--अ‍ॅडमोड' वापरून तो मोड आपल्या सॉकेटच्या नावाला जोडा, आणि शेवटी '--आउटपुट' व '--मोड' देऊन तो लागू करा.

सॉकेटचे नाव मात्र इंटरनेटवरून उचलू नका. कोणाकडे ते 'व्हीजीए-१' असते, तर जुन्या इंटेल ड्रायव्हरवर मधल्या आडव्या रेघेशिवाय 'व्हीजीए१' असते. एका रेघेच्या फरकाने आदेश नाकारला जातो आणि माणूस तासभर चुकीच्या जागी शोधत बसतो. आपल्या संगणकावर 'एक्सरँडर' जे नाव दाखवेल तेच लिहा.

ताणाबाणा | ७ जानेवारी, दुपारी १:१५

दोघांचेही आभार. वेगळे कार्ड नाही, ग्राफिक्स इंटेलचेच आहे, आणि केबल निळ्या टोकाची व्हीजीए आहे. 'एक्सरँडर'ने 'व्हीजीए-१ कनेक्टेड' असे लिहून पुढे '०एमएम × ०एमएम' दाखवले आणि खाली १०२४×७६८, ८००×६०० वगैरे चार-पाच ओळी आल्या.

नवशिक्याने सांगितलेले तिन्ही आदेश दिले आणि पडदा क्षणभर काळा होऊन चित्र एकदम बारीक व स्वच्छ झाले. वर्तुळ मोजले, उंची आणि रुंदी सारखीच भरली. मला अतिशय आनंद झाला. परंतु दुपारी वीज गेली, संगणक पुन्हा सुरू केला, तर सगळे पूर्ववत १०२४×७६८. शिवाय आदेश दिल्यानंतर समोरच्या मॉनिटरवर चित्र जाऊन 'आउट ऑफ रेंज' अशी पाटी येत होती, ती आता गेली आहे.

होटगी_रस्ता | ७ जानेवारी, दुपारी २:००

'एक्सरँडर'ने केलेला बदल त्या सत्रापुरताच असतो. तेच तीन आदेश आपल्या होम फोल्डरमध्ये '.एक्सप्रोफाइल' नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे प्रत्येक लॉगिनला आपोआप चालतील. लॉगिनचा पडदा मात्र तोपर्यंत ताणलेलाच दिसेल, कारण तो त्या फाइलच्या आधी येतो. तोही सुधारायचा असेल तर तो पडदा दाखवणाऱ्या लाइटडीएमच्या सेटिंगमध्ये हेच आदेश असलेली स्क्रिप्ट नोंदवावी लागते.

दुरुस्तीघर | ७ जानेवारी, सायंकाळी ६:२०

वरील सगळ्या सूचना चालतील, तरीही मला त्या मान्य नाहीत. मी नवी पेठेत गेली अनेक वर्षे मॉनिटर आणि टीव्ही दुरुस्त करतो. आजार शोधण्याआधीच औषध दिले गेले आहे, असे मला या धाग्यावर दिसते.

ताणाबाणा यांनी स्वतःच दोन खुणा सांगितल्या आहेत. पहिली म्हणजे '०एमएम × ०एमएम'. मॉनिटर जोडला की तो आपली ओळख संगणकाला सांगतो. ही ओळख १२८ बाइटांची छोटी नोंद असते, तिला ईडीआयडी म्हणतात. तीत बनावट, पडद्याची लांबी-रुंदी, आणि कोणती रिझोल्यूशन चालतात ते लिहिलेले असते. व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना याच बोलण्यासाठी आहेत. एक माहिती वाहते, दुसरी ताल धरते. रंगांच्या पिना वेगळ्या आहेत, त्यामुळे १२ आणि १५ तुटलेल्या असल्या तरी चित्र व्यवस्थित येते आणि केबलवर कोणाचा संशय जात नाही. ओळखच पोहोचली नाही, तर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मॉनिटरला बिघडवणार नाही अशी सुरक्षित रिझोल्यूशन देतो आणि १०२४×७६८ वर थांबतो. तुमचा आकडा नेमका तोच आहे. लिनक्स येथे चुकलेले नाही, त्याच्यापर्यंत निरोप आलेला नाही.

दुसरी खूण अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल कोणी विचारलेच नाही. 'समोरचा मॉनिटर' म्हणजे कोणता? तुम्ही तर एकच मॉनिटर सांगितला होता.

ताणाबाणा | ७ जानेवारी, रात्री ८:५०

क्षमस्व, ते सांगायचे राहून गेले, कारण त्याचा काही संबंध असेल असे वाटलेच नाही. टेबलाच्या पलीकडे गिऱ्हाइकाकडे तोंड करून एक जुना मॉनिटर ठेवला आहे, १३६६×७६८ चा. संगणकाच्या व्हीजीए सॉकेटला एक स्प्लिटर लावला आहे, म्हणजे एक तोंड आत आणि दोन तोंडे बाहेर. एका केबलवर माझा मॉनिटर, दुसऱ्या लांब केबलवर गिऱ्हाइकाचा. ही जोडणी विंडोजच्या काळापासूनची आहे. फक्त पूर्वी माझ्याही टेबलावर तसाच १३६६×७६८ चा मॉनिटर होता.

दुरुस्तीघर | ७ जानेवारी, रात्री ९:१०

आता चित्र पूर्ण झाले. स्वस्त स्प्लिटर रंग आणि तालाचे संकेत दोन्हीकडे वाटून देतात, पण १२ आणि १५ या पिना काहींत फक्त पहिल्या तोंडाला जोडलेल्या असतात आणि काहींत कुठेच नसतात. विंडोजवर तुम्हाला त्रास झाला नाही, कारण अनोळखी मॉनिटरला ते 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' म्हणते आणि रिझोल्यूशन हाताने निवडू देते. कधीतरी कोणीतरी ते निवडून ठेवले असणार. दिवाळीत तुम्ही दोन गोष्टी एकदम बदलल्या, संगणकाची प्रणाली आणि मॉनिटर, आणि दोष मात्र एकीच्याच माथी गेला.

उद्या एवढेच करून पाहा. .एक्सप्रोफाइलमध्ये काही लिहिले असेल तर आधी ते काढा, नाहीतर त्याने निदान झाकले जाईल. स्प्लिटर काढून आपला मॉनिटर थेट संगणकाला जोडा. मग 'सिस' फोल्डरमधील 'क्लास', त्यातील 'डीआरएम', त्यातील 'व्हीजीए-१' या नावाने संपणाऱ्या फोल्डरमधील 'ईडीआयडी' ही फाइल 'कॅट'ने वाचून तिचा निकाल 'डब्ल्यूसी -सी' कडे द्या. स्प्लिटरसह आणि स्प्लिटरशिवाय किती बाइट भरतात ते कळवा. फाइल मॅनेजरमध्ये तिचा आकार पाहू नका, कारण तेथे तो शून्यच दिसतो, फाइल भरलेली असली तरीही.

शाळेची_घंटा | ८ जानेवारी, सकाळी ७:३०

मी सोलापूरजवळच्या एका शाळेत संगणक शिकवते. आमच्या प्रयोगशाळेतील दहा संगणकांवर हीच लक्षणे होती, पण कारण अगदी वेगळे निघाले, म्हणून लिहिते आहे. आमच्याकडे स्प्लिटर नव्हता, केबली नव्या होत्या, आणि सेटिंगमध्ये रिझोल्यूशनचा एकच पर्याय दिसत होता. त्याबरोबर आणखी एक लक्षण होते: मुलांनी चित्रफीत लावली की संगणक धापा टाकू लागायचा.

शेवटी टर्मिनलमध्ये 'प्रॉक' फोल्डरमधील 'सीएमडीलाइन' ही फाइल वाचली, तेव्हा तीत 'नोमोडसेट' हा शब्द सापडला. प्रणाली बसवताना दोन संगणकांवर पडदा काळा पडत होता, म्हणून बसवणाऱ्याने हा शब्द घातला आणि सवयीने दहाही संगणकांवर तो तसाच राहिला. या शब्दामुळे कर्नल ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बाजूला ठेवतो. मग सगळे चित्र प्रोसेसरलाच रंगवावे लागते आणि रिझोल्यूशन संगणक सुरू होताना जे मिळाले तेच राहते. 'ईटीसी' मधील 'डीफॉल्ट' या फोल्डरात, संगणक सुरू होताना कर्नल उचलणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमची, 'ग्रब' नावाचीच फाइल आहे. तीतून तो शब्द काढला, 'अपडेट-ग्रब' चालवले आणि संगणक पुन्हा सुरू केले. आठ संगणक तत्काळ ठीक झाले. ज्या दोघांत एनव्हिडियाचे कार्ड होते, त्यांना ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर द्यावा लागला.

ज्यांची लक्षणे ताणाबाणा यांच्यासारखी आहेत, त्यांनी मोडलाइनच्या मागे लागण्यापूर्वी हा एक शब्द तपासावा, ही विनंती.

होटगी_रस्ता | ८ जानेवारी, सकाळी ९:१०

शाळेची_घंटा यांच्या शेवटच्या दोन संगणकांबाबत एक पुस्ती जोडतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर असलेल्या संगणकावर कर्नल अद्ययावत झाल्यानंतर एखाद्या सकाळी रिझोल्यूशन अचानक घसरले, तर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर तयार झालेला नसतो, किंवा सिक्युअर बूट चालू असल्यामुळे सही नसलेला ड्रायव्हर नाकारला जातो. ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडून पाहावे. त्यावर ठीक दिसले तर मॉनिटर आणि केबल दोन्ही निर्दोष आहेत असे समजावे.

पुणेमुक्कामी_सोलापूरकर | ८ जानेवारी, दुपारी १२:४५

ताणाबाणा मिंट वापरतात आणि त्यांचे सिनॅमन हे डेस्कटॉप मुळात एक्स११ या पडद्यावर चित्र मांडणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर चालते, म्हणून 'एक्सरँडर'चे आदेश लागू पडले. उबुंटू वापरणाऱ्यांनी ते जसेच्या तसे करून पाहू नयेत. उबुंटूमध्ये २१.०४ पासून बहुतेक संगणकांवर वेलँड या नव्या व्यवस्थेचे सत्र हेच ठरलेले आहे, आणि २५.१० मध्ये तर त्याच्या ग्नोम या डेस्कटॉपचे एक्स११ सत्र काढूनच टाकले आहे. वेलँडवर 'एक्सरँडर' चालल्यासारखे दिसते, यादीही दाखवते, पण तो खरा पडदा बदलू शकत नाही. मी या भ्रमात एक पूर्ण रविवार घालवला आहे.

वेलँडवर मॉनिटरची ओळख मिळतच नसेल आणि केबल बदलणे शक्य नसेल, तर ग्रबच्या त्याच फाइलमध्ये कर्नलसाठी 'व्हिडिओ=' असे लिहून पुढे सॉकेटचे नाव, विसर्गासारखे दिसणारे इंग्रजी ':' हे चिन्ह आणि '१९२०×१०८०@६०' असे द्यावे, मधल्या गुणाकारचिन्हाच्या जागी इंग्रजी 'एक्स' टंकून. येथे सॉकेटचे नाव पुन्हा वेगळे असते. 'एक्सरँडर' ज्याला 'एचडीएमआय-१' म्हणतो, त्याला कर्नल 'एचडीएमआय-ए-१' म्हणतो.

आलेख_कागद | ८ जानेवारी, सायंकाळी ५:३०

ताणाबाणा, मी तुमच्याच व्यवसायातला, वयाने मोठा. कागदावर चौकोन भरून नक्षी काढण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. एक गोष्ट रागावून नाही, काळजीने सांगतो. नमुने वाया गेले त्याला मॉनिटर कारणीभूत आहे, हे खरे, पण तुम्ही चौकोन मोजले असते तर पडदा कितीही ताणलेला असता तरी कमळ बिघडले नसते. आपल्या कामात एक चौकोन म्हणजे ताण्याच्या एका धाग्यावर बाण्याचा एक धागा. डोळ्यांना काय दिसते याला त्यात जागा नाही.

ताणाबाणा | ८ जानेवारी, रात्री ९:००

तुमचे म्हणणे शिरोधार्य आहे, पण गिऱ्हाईक चौकोन मोजत नाही. तो समोरच्या पडद्यावर पाहतो आणि 'फूल जरा भरीव करा' म्हणतो. त्याच्या डोळ्यांना जे दिसते आणि मागावर जे उतरते ते एकच असले पाहिजे, एवढीच माझी धडपड आहे. पूर्वी तुम्ही त्याला कागद दाखवत होता. कागद ताणला जात नाही.

आलेख_कागद | ८ जानेवारी, रात्री ९:२५

हा मुद्दा मला मान्य आहे. मग ही गोष्ट नीटच करा, कारण रिझोल्यूशन बरोबर आले तरी तुमचे काम अर्धेच होईल. समजा चादरीत इंचाला ताण्याचे ४० आणि बाण्याचे ३२ धागे आहेत. एक इंचाचे गोल फूल तुमच्या फाइलमध्ये ४० ठिपके रुंद आणि ३२ ठिपके उंच असेल, म्हणजे अगदी निर्दोष मॉनिटरवरही ते पसरटच दिसणार. माझ्या मुलाने जिम्पमध्ये यावर उपाय दाखवला. चित्राचे मुद्रण रिझोल्यूशन देताना आडवे ४० आणि उभे ३२ असे दोन वेगळे आकडे द्यायचे आणि 'व्ह्यू' मेनूतील 'डॉट फॉर डॉट' ही खूण काढायची. मग जिम्प चित्र धाग्यांच्या हिशेबाने दाखवते आणि फूल पडद्यावर गोल दिसते. फाइलमधला एकही ठिपका बदलत नाही.

निवृत्त_लेखनिक | ९ जानेवारी, सकाळी ११:००

सगळेजण रिझोल्यूशन वाढवण्याच्या मागे आहेत, पण माझी गरज उलट आहे. माझे वय ७१ आहे. १९२०×१०८० वर अक्षरे मुंगीएवढी दिसतात, म्हणून मी १२८०×७२० ठेवले आहे. चित्राचे प्रमाण बिघडत नाही आणि अक्षरे मोठी दिसतात. यात गैर काय?

शाळेची_घंटा | ९ जानेवारी, दुपारी ३:४०

काका, गैर काही नाही, पण आपल्या डोळ्यांवर विनाकारण ताण पडतो आहे. १२८० ठिपक्यांचे चित्र १९२० ठिपक्यांच्या पडद्यावर पसरले की प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला दीड ठिपका येतो, आणि अर्धा ठिपका तर रंगवता येत नाही. म्हणून तो करडा होऊन शेजाऱ्यात मिसळतो. इंग्रजी अक्षरांत हे फारसे जाणवत नाही, आपल्या लिपीत मात्र लगेच दिसते. माझ्या वर्गात मी मुलांना भिंगातून दाखवले: शिरोरेषा एका शब्दावर काळी आणि बारीक, तर पुढच्याच शब्दावर जाड आणि धुरकट होती. 'अर्क' मधला रफार आणि 'अंक' मधला अनुस्वार सारखेच डाग दिसत होते, आणि 'द्ध' व 'द्व' यांतला फरक संदर्भानेच ओळखावा लागत होता.

आपण रिझोल्यूशन १९२०×१०८० करा आणि सिनॅमनच्या फॉण्टच्या सेटिंगमध्ये 'टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर' १.३ किंवा १.५ ठेवून पाहा. अक्षरे हवी तेवढी मोठी होतील आणि प्रत्येक रेघ स्वच्छ राहील.

निवृत्त_लेखनिक | ९ जानेवारी, सायंकाळी ६:१५

१.४ ठेवले. ज्ञानेश्वरीची पीडीएफ नाही, पण वर्तमानपत्रांची संकेतस्थळे आता चष्म्याचे अंतर न बदलता वाचता येतात. मनापासून आभार.

दुरुस्तीघर | ९ जानेवारी, रात्री ८:००

पीडीएफवर त्या सेटिंगचा परिणाम होत नाही. तेथे कंट्रोल आणि अधिक चिन्ह दाबून मोठे करा.

ताणाबाणा यांचे उत्तर अजून आले नाही. संक्रांतीआधी चादरींची मागणी असते, कामात असतील.

ताणाबाणा | १७ जानेवारी, दुपारी १२:१०

विलंबासाठी क्षमा मागतो. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले होते आणि काठ्यांच्या मिरवणुकीच्या दिवसांत आमच्याकडे दुसरे काही सुचत नाही.

दुरुस्तीघर यांनी सांगितले तसे क्रमाने केले. .एक्सप्रोफाइलमधील आदेश काढले. स्प्लिटरसह ईडीआयडीचे बाइट मोजले, शून्य आले. स्प्लिटरची तोंडे अदलाबदल करून पाहिली, तरीही शून्य. स्प्लिटर काढून मॉनिटर थेट जोडला आणि १२८ आले. संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा लॉगिनचा पडदाच स्वच्छ १९२०×१०८० मध्ये उघडला. एकही आदेश द्यावा लागला नाही. 'एक्सरँडर'मध्ये शून्यांच्या जागी आता '४७६एमएम × २६८एमएम' लिहिलेले आहे. मी टेप लावून पडद्याची काच मोजली आणि ती तेवढीच भरली. मॉनिटर आपले माप स्वतः सांगतो हे मला आजवर माहीतच नव्हते.

आता प्रश्न गिऱ्हाइकाच्या मॉनिटरचा उरला आहे. स्प्लिटर लावला की ओळख जाते, आणि तो काढला की गिऱ्हाइकासमोर अंधार होतो.

दुरुस्तीघर | १७ जानेवारी, दुपारी १:३०

संगणकाच्या मागे पाहा. व्हीजीएच्या शेजारी एचडीएमआयचे सॉकेट असेल, बऱ्याचदा त्यावर प्लास्टिकचे टोपण असते. तुमचा नवा मॉनिटर एचडीएमआयवर आणि गिऱ्हाइकाचा थेट व्हीजीएवर लावा. दोघांची ओळख स्वतंत्रपणे पोहोचेल आणि प्रत्येकाला त्याचे रिझोल्यूशन मिळेल. स्प्लिटर दोघांना एकच संकेत देत होता, म्हणूनच १९२०×१०८० दिल्यावर जुन्या मॉनिटरने 'आउट ऑफ रेंज' दाखवले होते.

लांब केबल घेताना दोन्ही टोकांच्या पिना मोजा. ९ क्रमांकाची पिन अनेक केबलींत नसते आणि तिच्यावाचून बहुतेक वेळा काही अडत नाही. १२ आणि १५ मात्र असल्याच पाहिजेत.

नवशिका_अभियंता | १७ जानेवारी, दुपारी २:२०

दुरुस्तीघर यांचे म्हणणे मला पटले. मी वसतिगृहात मोडलाइनने काम भागवले होते, पण हा प्रतिसाद वाचून केबल उघडून पाहिली, तर १२ क्रमांकाची पिन वाकून आत गेलेली होती. चिमट्याने सरळ केली आणि सगळे आदेश काढून टाकले.

एक शंका आहे. 'सीव्हीटी १३६६ ७६८' दिले की तो १३६८ ची ओळ देतो आणि पडद्याच्या कडेला दोन ठिपके कापले जातात. हे असे का होते? आणि त्या मोडलाइनमधील १९२० च्या पुढचे आकडे नेमके काय असतात? मी ते न समजताच चिकटवत होतो.

दुरुस्तीघर | १७ जानेवारी, रात्री ९:००

सीव्हीटीच्या हिशेबात रुंदी आठच्या पटीत धरली जाते आणि १३६६ ला आठने भाग जात नाही. ईडीआयडीच्या ठरावीक रिझोल्यूशनांच्या यादीतही रुंदी आठच्या पटीतच लिहिता येते, त्यामुळे कर्नलमध्ये १३६६ साठी वेगळा अपवाद करून ठेवावा लागला आहे. खरी ओळख पोहोचली तर हा प्रश्न येतच नाही.

आता दुसरे. हा धागा विणकरांचा आहे, म्हणून तसेच सांगतो. धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेला की लगेच परत फिरत नाही. तो पेटीत शिरतो, थांबतो, फणी ठोकली जाते, आणि मग परत निघतो. काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत असाच एक ओळ रंगवून पुन्हा पहिल्या काठाला येत असे आणि त्या परतीला वेळ लागे. २५७६ हा त्या पूर्ण फेरीचा आकडा आहे. त्यातील १९२० ठिपके दिसतात आणि उरलेले ६५६ परतीचे असतात. उभ्या दिशेलाही ११२० पैकी १०८० ओळी दिसतात. २५७६ गुणिले ११२० गुणिले सेकंदाला सुमारे ६० फेऱ्या केल्या की १७ कोटी ३० लाख ठिपके होतात, तोच ओळीच्या सुरुवातीचा १७३.०० हा आकडा, मेगाहर्ट्झमध्ये.

आताच्या सपाट मॉनिटरला झोत नाही, त्यामुळे एवढी लांब परती लागत नाही. 'सीव्हीटी -आर' दिले तर फेरी २०८० आणि ११११ वर येते आणि १३८.५० मेगाहर्ट्झमध्ये तेच चित्र मिळते. लांब व्हीजीए केबलवर अक्षरांच्या कडेला सावली दिसत असेल, तर याने ती कमी होऊ शकते.

ताणाबाणा | २० जानेवारी, रात्री १०:१५

टोपण सापडले. धूळ पुसून एचडीएमआय केबल लावली आणि ईडीआयडी मोजले, तर २५६ बाइट आले. एचडीएमआयवर दुसरा १२८ चा तुकडाही असतो, असे पुतण्याने सांगितले. गिऱ्हाइकाचा मॉनिटर व्हीजीएवर आपोआप १३६६×७६८ वर आला.

आधी दोन्ही पडदे एकसारखे ठेवावेत असा विचार होता, पण ते वेगवेगळे ठेवणेच सोयीचे ठरले. जिम्पमध्ये 'व्ह्यू' मेनूतून 'न्यू व्ह्यू' घेतले की त्याच चित्राची दुसरी खिडकी उघडते. ती मी गिऱ्हाइकाच्या पडद्यावर सरकवून ठेवतो. मी माझ्याकडे एक पाकळी वाढवली की त्याच्याकडेही ती त्याच क्षणी वाढते, आणि माझी हत्यारे, दुसऱ्यांच्या नक्ष्या आणि दरांची वही त्याला दिसत नाही. आलेख_कागद यांच्या सांगण्याप्रमाणे धाग्यांचे दोन आकडे भरले आणि 'डॉट फॉर डॉट' ची खूण दोन्ही खिडक्यांतून काढली. ती खूण प्रत्येक खिडकीत वेगळी काढावी लागते, हे येथे नोंदवून ठेवतो.

आलेख_कागद | २१ जानेवारी, सकाळी ८:००

आणि कमळ?

ताणाबाणा | २४ जानेवारी, दुपारी ४:३०

आज नमुना मागावरून उतरला. फूल पट्टीने मोजले. आडवे नऊ इंच आणि उभे नऊ इंचांना दोन धागे कमी. ते दोन धागे मी चौकोन मोजून शोधले. पडद्याचा त्यात दोष नव्हता, सर्वांत वरच्या पाकळीच्या टोकाला मीच दोन ओळी भरायच्या विसरलो होतो. दुरुस्त करून फाइल पुन्हा पाठवली आहे.